मांजराचा करारनामा

आपल्याकडे मांजर घरात येतं ते आपल्या पायांनी. बोलावणं नसतं. माळ्यावर पिलं घालतं, ती सात घरं हिंडवतं आणि आठव्या दिवशी चुलीशेजारी असं बसतं, जणू घर त्याच्याच नावावर आहे. जुन्या चीनमध्ये मात्र मांजर रीतसर मागून आणत. पिलाच्या मालकाला मीठ द्यायचं, नाहीतर पिलाच्या आईला मासे. यासाठीचा चिनी शब्द नोकरीवर नेमण्यालाही चालतो आणि सोयरिकीलाही! कवी ह्वांग थिंगच्यान (1045-1105) यांच्या घरचं मांजर मेलं, उंदीर माजले. तेव्हा एका मांजरीला पिलं होणार असल्याचं कानी येताच त्यांनी मासे घेतले आणि विलोच्या फांदीत ओवून तयार ठेवले.

युआन राजवटीतला (1271-1368) मांजराच्या कराराचा छापील नमुनाही उपलब्ध आहे. मधोमध मांजराचं चित्र आणि भोवती कलमं. उंदीर धरावेत, घरच्या जनावरांना इजा करू नये, चोरी करू नये, पळून जाऊ नये, पळाल्यास शिक्षा. साक्षीदार म्हणून पूर्वेचा देव आणि पश्चिमेची देवी. बँकेत हयात गेली, पण असे साक्षीदार एकाही कर्जदाराने आणले नाहीत. गंमत सोडा, निदान कागदावर काम तरी स्पष्ट लिहिलेलं होतं. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या आमच्या नंदुरबारच्या मजुरांना उचल मिळते, कागद बहुधा मिळत नाही.

पण मला जवळचा वाटतो तो लू यू (1125-1210). त्यानेही मीठ देऊन पिलू आणलं, ते पुस्तकं राखण्यासाठी. मांजराने चोख राखण केली. कवी मात्र गरीब. थंडीत बसायला लोकर नाही, जेवायला मासा नाही, एवढ्या कामाचं आपण काय चीज केलं, अशी लाज त्याने कवितेत मांडली आहे. आठशे वर्षांपूर्वी एक माणूस मांजराची थकबाकी मोजत होता!

सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाखेत असताना आमच्या लेजरांच्या खोलीत उंदीर शिरले होते. बांधणीची खळ त्यांना फार प्रिय. शिपायाने एक करडी मांजर आणली आणि पुठ्ठे वाचले. दुधाचा खर्च किरकोळ खर्चात दाखवला, तो तपासनिसांनी कापला. पुढे आम्ही वर्गणी काढली.

चिनी परंपरेत मांजराचा मान याहून जुना आहे. ‘लीजी’ या प्राचीन ग्रंथात वर्षाअखेरच्या पूजेला मांजर आणि वाघ दोघांनाही आवाहन आहे: मांजर शेतातले उंदीर खातं म्हणून, वाघ रानडुकरं खातो म्हणून. (पाळीव मांजर चीनमध्ये पोचलं सुमारे तेराशे वर्षांपूर्वी, त्याआधी वस्तीजवळ वावरायचं ते ठिपकेवालं रानमांजर.) हे वाचताना मला आमच्या जिल्ह्यातले वाघदेव आठवले. आदिवासी गावं गुरांच्या रक्षणासाठी त्यांची पूजा करतात. वाघ आमच्या भागातल्या सातपुड्यातून जवळपास गेला, उसात बिबट्या आला, तरी देव जागेवर आहे. वाघाच्या मावशीला मात्र असा नैवेद्य मी कुठे पाहिला नाही. षष्ठीदेवीचं वाहन, एवढाच काय तो तिचा मान. एरवी ती आडवी गेली की आपण थांबतो. तिला मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं आजी सांगत.

पण हल्ली मारावं लागत नाही. धान्याच्या पोत्यांशेजारी उंदरांसाठी विषारी गोळ्या ठेवतात. झिंगलेला उंदीर पळत नाही, तो मांजराला आयता सापडतो. पुढचं सांगायला नको. दोन महिन्यांत उंदीर परत येतात आणि मग मांजराची आठवण होते. शेजारच्या गावातून एखादं पिलू आणलं जातं. मीठ न्यायची रीत आपल्याकडे नाही. रिकामं पोतं तेवढं नेतात.