बेरोजगारीचा आकडा कुणाच्या हातात?

सर्वेक्षक दारात येतो, घरात माणसं किती ते लिहून घेतो आणि एकेकाला विचारतो, "गेल्या सात दिवसांत काय काम केलंत?" चालू साप्ताहिक पद्धतीत त्या सात दिवसांत एक तास जरी काम केलं असेल, तरी माणूस रोजगारात धरला जातो. काम नाही, पण शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तो बेरोजगार. दोन्ही नसेल, तर तो या हिशेबाबाहेरच. म्हणजे व्याख्या जरा सरकली की आकडाही हलतो. म्हणून व्याख्या, नमुना आणि प्रसिद्धीची तारीख आधीच ठरलेली हवी.

2019 साली घोडं अडलं ते तारखेपाशी. 2017-18 च्या श्रमबल सर्वेक्षणात बेरोजगारीचा दर (साप्ताहिक नव्हे, वर्षभराच्या हिशेबाने) 6.1 टक्के निघाला. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने डिसेंबर 2018 मध्ये अहवाल मंजूर केला, तरी तो बाहेर येईना. जानेवारीअखेर आयोगाचे कार्यवाहक अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. अहवाल आला 31 मे रोजी, लोकसभेचा निकाल लागून गेल्यावर. आकडा तोच, 6.1.

पद्धत नवी, जुन्या आकड्यांशी तुलना नको, असं सरकारचं म्हणणं. पद्धत बदलली होती हे खरं. पण ते अहवालातच लिहिता येतं, त्यासाठी अहवाल अडवायचं कारण नाही.

सांख्यिकी आयोगाने मंजूर केलेला अहवालही अडू शकला, कारण हा आयोग 2005 च्या सरकारी ठरावातून उभा राहिला, कायद्यातून नाही. अशा आयोगाला कायद्याचं बळ द्या, असं देशाच्या सांख्यिकी व्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या रंगराजन आयोगाने 2001 मध्येच सुचवलं होतं.