धीर म्हणजे काय?

जालना जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत, कुंभार पिंपळगांव नांवाचें गांव आहे. समर्थ रामदासांची जन्मभूमि जें जांब, तें याच तालुक्यांत येतें. त्यामुळें मराठी माणसाला हा मुलूख अगदींच परका नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं, पावसानें ओढ दिलेल्या एका आषाढांत, मला त्या बाजूस जाण्याचा योग आला होता. परतीच्या एस्. टी. ची वाट पाहत बसलों असतां शेजारीं एक वृद्ध बाई येऊन टेकल्या. गळ्यांत काळ्या दोऱ्यांत ओंवलेला लहानसा क्रूस होता. मीहि ख्रिस्ती आहें असें कळल्यावर त्या मोकळेपणानें बोलूं लागल्या. त्यांचा कर्ता मुलगा वर्षापूर्वीं आजारानें गेला होता. थोडा वेळ गप्प राहून त्यांनीं मला विचारलें, "दादा, तुम्ही शिकलेले दिसता. एक सांगा. लेकरासाठी मी रात-रात गुडघ्यावर बसून मागितलं. माझी प्रार्थना कमी पडली का हो?"

मी कांहींतरी पुटपुटलों. तेवढ्यांत गाडी आली आणि मी सुटकेचा श्वास टाकून तींत चढलों. नभोवाणीवर बोलण्यासाठीं मला जेव्हां हा विषय देण्यांत आला कीं, आयुष्यांतील आपत्तींत ख्रिस्ती मनुष्य आपल्या श्रद्धेंत स्थिर कसा राहतो, तेव्हां प्रथम आठवण झाली ती त्या बाईंची. श्रोत्यांपैकीं बहुतेक ख्रिस्ती नाहींत, हें मी जाणून आहें. परंतु तो प्रश्न कोणत्याहि एका धर्माच्या माणसाचा नव्हे.

या बाबतींत दोन समजुती फार पसरलेल्या आहेत, आणि दोन्ही आम्हां ख्रिस्ती लोकांतहि भरपूर आढळतात. पहिली समजूत अशी कीं, श्रद्धा हा एक प्रकारचा करार आहे: मनुष्यानें नेमानें उपासना करावी, देवानें त्याचें घरदार सांभाळावें, आणि संकट आलेंच तर कोठेंतरी आपल्या बाजूनें हप्ता चुकला असला पाहिजे. दुसरी समजूत अशी कीं, खरा श्रद्धावान् दगडासारखा असतो. त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाहीं आणि तोंडांतून तक्रार निघत नाहीं. त्या बाई पहिल्या समजुतीनें पोळल्या होत्या. दुसरीनें पोळलेलीं माणसें शहरांतल्या सुशिक्षित घरांत अधिक सांपडतील.

पहिल्या समजुतीला बायबलांतच एक सबंध ग्रंथ उत्तर म्हणून उभा आहे. ईयोब हा सज्जन मनुष्य. एकाएकीं त्याची गुरेंढोरें गेलीं, मुलेंबाळें गेलीं, अंगभर फोड उठले. तीन मित्र समाचाराला आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. कोणी एक शब्द बोललें नाहीं. माझ्या मतें त्या तिघांनीं केलेलें सर्वांत शहाणपणाचें काम तेवढेंच. आठव्या दिवसापासून त्यांनीं उपदेशास आरंभ केला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, देव न्यायी आहे, अर्थात् तूं कांहीं पाप केलें असलेंच पाहिजेस. आपल्याकडे कर्माचें फळ म्हणून जें सरसकट दुसऱ्याच्या दुःखावर चिकटविण्यांत येतें, त्याहून हें फारसें निराळें नाहीं. ईयोब मात्र हें कबूल करीत नाहीं. तो देवाशीं वाद घालतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला जाब विचारतो. आणि बेचाळीस अध्यायांच्या शेवटीं देव रागावतो तो कोणावर? त्याची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर! भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. जन्मांधाला पाहून शिष्यांनीं येशूला विचारलें कीं, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें. तेव्हां येशूनेंहि दोहोंना नकार दिला.

दुसरी समजूत तर ख्रिस्ताच्या चरित्रापुढें क्षणभरहि टिकत नाहीं. मित्राच्या थडग्याशीं तो रडला. अटकेच्या रात्रीं गेथशेमाने बागेंत त्यानें हा प्याला मजपासून टळो, अशी विनवणी केली. वधस्तंभावर त्यानें जो आक्रोश केला, तो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ होय. म्हणजे देवानें टाकल्यासारखें वाटण्याच्या घटकेला त्याच्या ओठीं आले ते पूर्वजांच्या विलापाचे शब्द. स्तोत्रसंहितेंत १५० स्तोत्रें आहेत, आणि त्यांत विलापगीतांचा वर्ग मोठा आहे. ज्या धर्माच्या प्रार्थनेच्या पुस्तकांतच इतकें रडणें जपून ठेवलेलें आहे, तो धर्म रडण्याला अश्रद्धा कसा म्हणेल?

मग स्थैर्य म्हणजे काय? नवा करार मूळ ग्रीक भाषेंत लिहिला गेला. तेथें यासाठीं 'हुपोमोनी' हा शब्द येतो. 'हुपो' म्हणजे खालीं आणि 'मोनी' म्हणजे राहणें. ओझें डोक्यावर आहे, तें अजून उतरलेलें नाहीं, आणि तरीहि त्याखालीं पाय रोवून उभें राहणें, असा त्याचा भाव. मराठी बायबलांत त्यासाठीं धीर, सहनशीलता असे शब्द आढळतात. मला यांत 'धीर' हा शब्द फार आवडतो. कारण ग्रीक शब्दांत नसलेली एक गोष्ट मराठीनें त्यांत सांठविली आहे. आपण धीर धरतों, आपला धीर सुटतो, धीर खचतो. परंतु आपण दुसऱ्याला धीर *देतों* सुद्धां. सहनशीलता कोणी कोणाला देऊं शकत नाहीं. धीर देतां येतो, घेतां येतो, एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो. संकटांत टिकलेल्या मराठी ख्रिस्ती माणसांचीं चरित्रें मी जेव्हां जेव्हां वाचलीं, तेव्हां मला हेंच दिसलें.

जालन्याचेंच उदाहरण घ्या. नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें १८४३ सालीं मुंबईस स्कॉटिश मिशनमध्यें बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपति, सुमारें बारा वर्षांचा, तोहि त्याच्याबरोबर मिशनच्या आश्रयास होता. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि मुलाला बापाच्या स्वाधीन करण्यांत आलें. पुढें त्याला प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं, यावर मुंबईंत मोठा वाद माजला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर हे शुद्धीच्या बाजूनें उभे राहिले, सनातनी मंडळी विरुद्ध. त्या गदारोळांत एका भावानें दुसऱ्याला गमावलें होतें, ही गोष्ट इतिहास लिहिणारे सहसा एका ओळींत उरकतात. मला ती एका ओळीची वाटत नाहीं.

हाच नारायण शेषाद्रि पुढें धर्मोपदेशक होऊन निजामाच्या राज्यांतील जालन्यास आला, आणि जालन्याजवळ त्यानें बेथेल नांवाची वसाहत उभी केली. जमीन मिळाली ती हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून. बेथेल हा हिब्रू शब्द. अर्थ 'देवाचें घर'. तेथें आलेले बहुतेक लोक अस्पृश्य गणलेल्या जातींतील होते. गांवकीशीं नातें तुटलें म्हणजे बलुत्याचा दाणा जातो, कामाची आशा जाते, आणि पाण्याचा प्रश्न तर त्यांच्यापुढें आधींपासूनच होता. अशा माणसाला 'श्रद्धेंत स्थिर राहा' एवढेंच सांगून भागत नाहीं. त्याला उभें राहायला जमीन लागते, विहीर लागते, आणि शेजार लागतो. नारायण शेषाद्रि १८७३ सालीं न्यूयॉर्कच्या जागतिक ख्रिस्ती परिषदेंत बोलून आला, त्याचें नांव झालें. पण त्याच्या धर्मज्ञानाची खरी परीक्षा मला बेथेलच्या मातींत झालेली दिसते. त्यानें लोकांना जो धीर दिला, त्याला लांबी-रुंदी होती.

हें सांगतांना एक गोष्ट वगळणें अप्रामाणिकपणाचें होईल. अनुसूचित जातींविषयींच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें त्या सवलती धर्माशीं बांधल्या गेल्या. १९५६ सालीं शिखांना आणि १९९० सालीं बौद्धांना त्यांत स्थान मिळालें. ख्रिस्ती झालेल्यांना मिळालेलें नाहीं. शेजाऱ्यांच्या नजरेंत जात मात्र तीच राहते. मराठवाड्यांतील अनेक ख्रिस्ती घरांत संकट म्हणजे केवळ दुष्काळ किंवा आजार नव्हे. मुलाच्या दाखल्यावर कोणता धर्म लिहावा, हेंहि एक संकट आहे. त्या कुटुंबांना दुरून उपदेश करण्याचा अधिकार मला तरी नाहीं.

आतां ज्या बाईंविषयीं बोलल्याशिवाय हा विषय मराठींत पुरा होऊंच शकत नाहीं, त्यांच्याकडे वळतों. लक्ष्मीबाई टिळक. १८९५ च्या फेब्रुवारींत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्याहि नव्हत्या. पदरांत लहान दत्तू. पति जिवंत असून घर मोडलें. पुढचीं चारपांच वर्षें त्यांनीं नातलगांच्या आधारानें काढलीं. या काळांत त्या रडल्या, रागावल्या, आजारी पडल्या, कविता करूं लागल्या. अखेर त्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, टिळकांकडे आल्या. परंतु आपलें सोवळें संभाळूनच. नवऱ्यानें त्यांना धर्म बदलायला लावलें नाहीं. आणि सोवळें सुटलें तें त्यांच्या स्वतःच्या विचारानें, माणसामाणसांतला भेद देवानें केलेला नाहीं असें मनाला पटल्यावर. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथें एक प्रश्न उद्भवतो. १८९५ ते १९०० या काळांत श्रद्धेंत स्थिर कोण होतें? टिळक नव्या श्रद्धेंत होते, लक्ष्मीबाई जुन्या. दोघांनींहि एकमेकांना फार दुखविलें. तरी दोघांनीं एक धागा तोडला नाहीं: एकमेकांचा. मला वाटतें, आपल्या विषयाचें मर्म येथें आहे. श्रद्धेचें स्थैर्य म्हणजे मतांचा अढळपणा, असें आपण धरून चालतों. लक्ष्मीबाईंचीं मतें तर मुळापासून बदललीं. त्यांचा नेटच काय तो बदलला नाहीं.

९ मे १९१९ रोजीं टिळक वारले. मागें राहिलें तें 'ख्रिस्तायन' हें ओवीबद्ध महाकाव्य. त्याचे सुमारें अकरा अध्याय झाले होते. शाळेचें तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरें शिकलेल्या या विधवेनें पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. दुःखावर काळ हेंच औषध, असें म्हणणाऱ्यांनीं हा आंकडा लक्षांत घ्यावा. काळ नुसता जात नसतो, तो कशानें तरी भरावा लागतो. आणि १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेलीं त्यांचीं 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्याला ठाऊकच आहे कीं, घर मोडल्याची हकीकत सांगतांनाहि बाई स्वतःला हंसूं शकतात. धर्मपर पुस्तकांत विनोद सहसा सांपडत नाहीं; हें आपलें एक न्यून आहे असें मी मानतों.

पंडिता रमाबाईंचा केवळ उल्लेख करतों. आईबाप उपासमारीच्या दिवसांत गेले, भाऊ १८८० सालीं, पति १८८२ सालीं. १८८३ मध्यें इंग्लंडांत ख्रिस्ती झाल्यावरहि त्यांनीं कोणा बिशपाचें मत डोळे मिटून मानलें नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांतून शेंकडों अनाथ मुली घेऊन आल्या, आणि त्यांतून केडगांवचें मुक्तिसदन वाढलें. भूक काय असते हें ज्या बाईनें भोगलें होतें, तिनेंच भुकेलेल्या मुली ओळखल्या. १९२१ सालीं मनोरमा, त्यांची एकुलती एक मुलगी, वारली. नऊ महिन्यांच्या आंत रमाबाईहि गेल्या. मधल्या त्या दिवसांत त्यांच्या हातीं बायबलच्या मराठी भाषांतराचें काम होतें.

धीर येतो कोठून, असें विचाराल तर उत्तर फार साधें आहे, आणि साधें म्हणूनच निराशा करणारें. आदितवारची उपासना, ठरल्या वेळेचें स्तोत्रवाचन, प्रभुभोजनाच्या वेळीं एका भाकरीचे केलेले तुकडे. दुःखांत मनुष्याला स्वतःचे शब्द सुचत नाहींत. तेव्हां तो इतरांचे शब्द उसने घेतो. टिळकांनीं अभंग आणि भजनें लिहून मराठी ख्रिस्ती माणसाला हे उसने शब्द त्याच्या स्वतःच्या चालींत दिले, हा त्यांचा उपकार शब्दांत मावणारा नाहीं. मंडळी एकत्र गात असतां एखाद्याचा कंठ दाटला, तर गाणें थांबत नाहीं; शेजारचा तें पुढें नेतो, आणि सांवरल्यावर तो पुन्हा सूर मिळवितो. एकट्यानें धरलेला धीर मीं फार काळ टिकलेला पाहिला नाहीं.

त्या बाईंचा प्रश्न अजून तसाच आहे. त्यांची प्रार्थना कमी पडली होती काय? गेथशेमान्यांत ख्रिस्तानें जें मागितलें, तें त्याला मिळालें नाहीं. पौलानें आपल्या शरीरांतला कांटा निघावा म्हणून तीनदां विनविलें. कांटा राहिला, सोबत कृपा मिळाली. त्या दोघांची प्रार्थना कमी पडली, असें म्हणायला कोणी धजत नाहीं. मग एका आईच्या प्रार्थनेविषयीं तरी तें कां म्हणावें? 'आई, ती कमी पडली नाहीं,' हें एक वाक्य मला त्या दिवशीं बोलतां आलें असतें. त्यानंतर बहुधा गप्प बसणेंच योग्य झालें असतें, ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस बसले तसें. पुढची गाडी तासाभरानें होती. मला घाई कसलीच नव्हती.