आज होडी सुटणार नाही

बोट समोर उभी होती. आठ मजली, पांढरीशुभ्र, मागचा लोखंडी दरवाजा धक्क्यावर टेकवलेला. आणि तरीही कोणी चढत नव्हतं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये, ग्रीसमधल्या पिरिअस बंदरात सकाळी सात वाजता मी, सौ. आणि आमची मुलगी बॅगा घेऊन ताटकळत होतो. मुलगी जर्मनीत नोकरीला असते. नाक्सोस बेटाची तिकिटं तिनेच काढली होती. ती खिडकीवर चौकशी करून आली आणि म्हणाली, "बाबा, आज बोटी बंद. वारा आहे."

वारा कसला? आभाळात ढगाचा तुकडा नव्हता, लख्ख ऊन पडलं होतं. माझी पावसाळ्यात वाढलेली बुद्धी हे मान्यच करेना. आमच्याकडे संकट येतं ते काळं होऊन, गडगडत येतं. पण एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचा वारा सुटतो, तो असा स्वच्छ आभाळातच. बंदरात पाणी नुसतं हिंदकळत असतं आणि बाहेर समुद्र उसळलेला असतो. वाऱ्याचा जोर ठरावीक अंकाच्या वर गेला, की बंदराचा अधिकारी बोटी रोखतो. त्या हुकमाला ग्रीक भाषेत 'अपागोरेफ्तिको' म्हणतात. हा शब्द मी दिवसभरात इतक्या वेळा ऐकला, की पाठच झाला.

मला आश्चर्य वाटलं ते लोकांचं. आरडाओरडा नाही, खिडकीवर मुठी आपटणं नाही. ट्रकवाल्यांनी गाड्यांच्या सावलीत ताणून दिली. काळ्या कपड्यांतली एक म्हातारी खोक्यावर बसून पाव खात होती. तिच्या शेजारच्या तरुणाला मुलीने इंग्रजीतून विचारलं, तुम्हाला राग येत नाही का? तो म्हणाला, येतो ना. पण बोट सोडली नाही म्हणून येणारा राग परवडतो.

त्याच्या बोलण्यामागे इतिहास होता. १९६६ च्या ८ डिसेंबरला क्रीट बेटावरून पिरिअसकडे निघालेली 'इराक्लिओन' ही बोट वादळात सापडली. आतला एक मालट्रक सुटला आणि त्याच्या धडकांनी बोटीचा दरवाजा फुटला. दोनशेहून अधिक माणसं बुडाली. त्यानंतर बोटी रोखण्याचे नियम कडक झाले. तरी २००० सालच्या सप्टेंबरात 'एक्सप्रेस सामिना' पारोस बेटाच्या तोंडाशी खडकावर आपटलीच. ऐंशीच्या वर बळी गेले. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' सहाशेहून अधिक माणसं घेऊन बुडाली.

तो अख्खा दिवस धक्क्याजवळच्या उपाहारगृहात गार कॉफी पीत काढला. बोट नजरेसमोर होती, पण मी बघत होतो काळू नदी.

काळू माळशेजच्या डोंगरांतून उतरते आणि मुरबाड तालुक्यातून टिटवाळ्याकडे जाते. उन्हाळ्यात तिच्यातून पोरं गुडघाभर पाण्यात चालत जातात. आषाढात मात्र तिचं पात्र ओळखू येत नाही. नदीच्या एका अंगाला आमचं गाव, दुसऱ्या अंगाला एसटीचा रस्ता. पूल फार नंतर झाला. तोवर चार महिने आम्ही बेटावरच राहत असू म्हणा ना. एक होडी होती आणि एक नावाडी. त्याला पैसे कोणी देत नसे. सुगीला घरटी भात घालायचं, की वर्षभराचा हिशेब मिटला. कधी सोडायची, कधी नाही, हे तोच ठरवी. काठावरच्या एका उंबराच्या मुळापर्यंत पाणी आलं, की तो होडी वर ओढून पालथी घाली. हुकूमनामा एवढाच.

१९६९ चा पावसाळा. मी अकरा वर्षांचा. धाकटी आत्या शहापूर तालुक्यात दिलेली, किन्हवलीकडे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. संध्याकाळी कळा सुरू झाल्या आणि रात्री सुईणीने हात टेकले. मुरबाडला डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. डोली बांधली. कंदील हलवून पलीकडच्या वाडीला खूण केली, तिथे बैलगाडी जुंपली गेली. आत्याला काठावर आणलं तेव्हा उंबराचं मूळ पाण्याखाली होतं.

नावाडी म्हणाला, "पानी उतरू दे. मंग सोडतो."

वडिलांनी हात जोडले. काकांनी शिव्या दिल्या. आजीने पदर पसरला. तो पालथ्या होडीवर बसून राहिला, उठलाच नाही. मी पावसात इरल्याखाली उभा होतो, मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. पहाटे घरातच आत्या बाळंत झाली. मुलगी होती. रडली नाही.

आजीने त्यानंतर मरेपर्यंत त्याच्या वाट्याचं भात घातलं नाही. वडील तिच्या नकळत पाठवत, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तो वारला तेव्हा आमच्या घरातून तिसऱ्या दिवशी फक्त वडील गेले.

ग्रीसमध्ये काही छोट्या बेटांवर दोन-तीनशे माणसं राहतात. तिथे बोट नेण्यात कंपनीला काही सुटत नाही, म्हणून सरकार पैसे देऊन ती चालवतं. या मार्गांना त्यांनी नाव दिलंय 'नापीक मार्ग'. मुलीने हे सांगितलं तेव्हा मी हसलो. आमच्या नापीक मार्गाचं अनुदान पायलीने मोजलं जायचं, आणि आमच्या घराने तेही थांबवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बोट सुटली. प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. निळ्या घुमटांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पारोसला धक्का येण्याआधीच मागचा दरवाजा उघडू लागला, साखळ्या खडखडल्या, आणि दहा मिनिटांत शंभर माणसं उतरून तेवढीच चढलीसुद्धा. आपल्या एसटीची लगबग, फक्त खारट वाऱ्यातली. डेकवर मला शाळेची नाणेघाटाची सहल आठवली. मुरबाडच्या वैशाखऱ्याहून वर चढलं की सातवाहनांचा तो लेख. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात कल्याण बंदराची तक्रार आहे: तिथे चुकून शिरलेल्या ग्रीक जहाजांना पहारा देऊन भडोचला नेतात. म्हणजे आमच्या मुलखाने ग्रीकांना दोन हजार वर्षांपूर्वीच 'अपागोरेफ्तिको' दाखवला होता.

नाक्सोसला उतरल्यावर समोर अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा दिसतो. सौ. आणि मुलगी तिकडे गेल्या. मी धक्क्यावर बसून आसनगावला आत्याला फोन लावला. ती आता मुलाकडे असते. म्हटलं, "आत्या, आपला नावाडी आठवतो?"

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्या राती त्यानं होडी सोडली असती तर आज फोन कोनाला लावला असतास रं?"

मला हायसं वाटलं. काहीतरी बोलायला मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "पन पोर गेली ना माझी. आज अट्ठेचाळीस वर्षांची असती."

पलीकडून भांड्यांचा आवाज आला. मग तिने विचारलं, "तुझ्याकडं लई वारा सुटलाय का? नीट ऐकू येईना."

"सुटलाय," मी म्हटलं. "कालच्यापेक्षा कमी आहे."