कोलारचे सोने आणि कामगारांचे साप्ताहिक

कोलार गोल्ड फील्ड्स म्हटले की हल्ली विद्यार्थ्यांना चित्रपट आठवतो. त्यात तक्रारीसारखे काही नाही. पण कर्नाटकाच्या सीमाभागात मराठी शिकवताना मला या गावाची सोन्यापेक्षा भाषेची कहाणी अधिक जवळची वाटत आली आहे.

जॉन टेलर यांच्या कंपनीने १८८० मध्ये तेथे पद्धतशीर खाणकाम सुरू केले. १९०२ मध्ये शिवनसमुद्राहून वीज आली. बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते १९०५ मध्ये! साहेबांसाठी बंगले आणि क्लब झाले. जमिनीखाली उतरणारे मजूर मात्र बहुतांशी उत्तर अर्काट, सेलम या भागांतून आलेले तमिळभाषक दलित होते. कन्नड मुलखात तमिळ बोलणारे शहर वसले ते असे.

काम जीवघेणे होते. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या खाणीत खडक अचानक फुटत, धुळीने छाती पोखरली जाई. तरीही मजुरी रोख मिळे आणि गावाकडच्या जमीनदाराचा धाक इथवर पोचत नसे. माझ्या मते येथील वाचनाची भूक या मोकळिकीतून आली.

अयोथीदास पंडितर यांनी १८९८ मध्ये, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या ५८ वर्षे आधी, बौद्ध धर्म स्वीकारला. १९०७ मध्ये मद्रासहून त्यांनी साप्ताहिक काढले. किंमत एक पैसा. नावही ‘ओरु पैसा तमिळन’, म्हणजे ‘एक पैशाचा तमिळ माणूस’. पुढे नुसते ‘तमिळन’ राहिले. त्यांच्या बौद्ध संघाची शाखा खाणीजवळच्या मारिकुप्पमला होती. १९१४ मध्ये ते वारले. १९२६ पासून ‘तमिळन’ पुन्हा निघू लागले, आणि ते मद्रासहून नव्हे, कोलारच्या खाणगावातून. त्यांची पुस्तकेही येथील ‘सिद्धार्थ पुस्तकसालै’ने छापली. मोठ्या शहरात बंद पडलेले नियतकालिक खाणकामगारांच्या वस्तीने पुन्हा चालवावे, असे उदाहरण मराठीत मला चटकन आठवत नाही.

२८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. सायनाइडमिश्रित मातीचे डोंगर उरले. वारा सुटला की त्यांची धूळ घरांत शिरते. पहाटेच्या गाड्या भरभरून माणसे बंगळुरूला कामाला जातात. आपल्या पाठ्यपुस्तकांत कोलार अजून भूगोलातच भेटते, खनिजांच्या धड्यात.