अंदाजपत्रकाचे चार रकाने



बहुधा मार्चात राज्याचे अंदाजपत्रक मांडले जाते. पेपरात कोटींचे आकडे येतात आणि आपण म्हणतो, "यातलं आपल्याला काय कळणार?" पण उसाच्या नोंदीवेळी धरलेले टनेज आणि काट्यावर भरलेले वजन यातला फरक आपल्याला नेमका कळतो. सरकारी अंदाजपत्रकही तसेच वाचावे.

त्यात बाबीपुढे चार रकाने असतात : मागचा प्रत्यक्ष खर्च, चालू सालचा मूळ अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि पुढील सालचा अंदाज. भाषणात गाजतो चौथा. खरी मेख दुसऱ्या-तिसऱ्यात. सुधारित आकडा घटला, की समजावे, तेवढा पैसा कागदावरच राहिला.

टेंभू योजनेचेच बघा. कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे न्यायचे. १९९६ साली खर्च धरला सुमारे १४१६ कोटी; २०२४ साली सुधारित मान्यता गेली ७३७० कोटींवर. भाववाढ आली, वाढीव गावेही आली. पण निधी तुटपुंजा मिळाला की काम लांबते, आणि लांबले की खर्च वाढतो. तोवर शिवार कोरडेच!

हे आकडे आमदारांनाही जड जातात. म्हणूनच विरोधी पक्षनेते असताना देवेंद्र फडणवीस यांनी 'अर्थसंकल्प सोप्या भाषेत' हे पुस्तक लिहिले. मार्च २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते ते प्रकाशित झाले.

तेव्हा यापुढे आमदार गावात आले, की हार घालावा आणि विचारावे, "साहेब, आपल्या पाण्याचा तिसरा रकाना काय म्हणतो?"