गुलामाच्या हाती ग्रंथ

ज्यांच्या वाडवडिलांना अक्षर वर्ज्य होते, त्यांनी ग्रंथप्रेमाची कोणतीही गौरवगाथा वाचताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे, असे मी मानतो : ग्रंथ कोणाच्या हाती पडत होते? अरबी-इस्लामी संस्कृतीतील ग्रंथवेडाकडेही मी याच प्रश्नाने पाहतो. स्पेनमधील कोर्दोव्याचा खलीफा दुसरा हकम याच्या संग्रहात चार लाख ग्रंथ होते, असे सांगतात. पण राजाच्या वैभवाचे मला फारसे अप्रूप नाही. मला जवळचा वाटतो तो याकूत अल-हमवी.

११७९ च्या सुमारास जन्मलेला, ग्रीक वंशाचा हा पोर लहानपणीच गुलाम म्हणून बगदादला विकला गेला. त्याला विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला स्वतःला धड लिहिता येत नव्हते. व्यापाराला उपयोगी पडावा म्हणून त्याने याकूतला शिकविले. यात दया नव्हती, सोय होती. परंतु अक्षर एकदा हाती आले की ते मालकाच्या सोयीपुरते उरत नाही. ११९९ मध्ये मुक्त झाल्यावर याकूत ग्रंथांच्या नकला करून पोट भरू लागला. बगदादेत आठव्या शतकाच्या अखेरीपासूनच कागद तयार होऊ लागला होता, त्यामुळे नकलनवीस आणि ग्रंथविक्रेते यांचा तेथे बाजारच उभा राहिला होता.

पुढे तो आजच्या तुर्कमेनिस्तानातील मर्व या शहरी राहिला. तेथे दहा ग्रंथालये होती. ती वक्फ, म्हणजे लोकांसाठी कायमची दान दिलेली. त्यांपैकी एकात सुमारे बारा हजार ग्रंथ होते. आपल्या घरी दोनशेहून अधिक ग्रंथ असत आणि बहुतेक तारणाशिवाय मिळत, हे याकूतनेच लिहून ठेवले आहे. ‘मुअजम अल-बुल्दान’ या त्याच्या प्रचंड भूगोलकोशाची बरीचशी सामग्री याच ग्रंथालयांतली. मंगोल स्वारीपुढे त्याला तेथून पळावे लागले. १२२१ मध्ये मर्व उद्ध्वस्त झाले. १२२९ मध्ये तो अलेप्पो येथे वारला. आपले ग्रंथ त्याने बगदादच्या एका मशिदीस वक्फ केले होते.

त्या समाजाचे गोडवे मी गात नाही. जेथे ग्रंथांचा बाजार भरे, तेथे माणसांचाही भरे. तरीही एका ग्रंथपालाने तारण न मागता ग्रंथ दिले आणि एकेकाळच्या गुलामाने ते ऋण आपले ग्रंथ देऊन फेडले, हे विसरता येत नाही. आपल्या वस्तीत वाचनालय काढताना अनामत रकमेची अट लिहिण्यापूर्वी आपण मर्वची आठवण ठेवावी.