मुका मार

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतला सहावीचा एक मुलगा फाटकापाशी सायकलवरून पडला. हँडलचे टोक पोटात बसले. आम्ही सदरा वर करून पाहिले. रुपयाएवढा लाल डाग, बाकी काही नाही. रक्त नाही, खरचटलेलेही नाही. आम्ही त्याला पाणी पाजले आणि वर्गात बसवले. शेवटच्या तासाला त्याचा चेहरा पांढरा पडला, अंगाला दरदरून घाम सुटला. ‘सर, डावा खांदा दुखतोय,’ एवढेच तो म्हणत होता. सोनोग्राफी झाली तेव्हा कळले की प्लीहा फाटली आहे आणि पोटात रक्त साचते आहे. अल्लाहच्या कृपेने मुलगा वाचला. पण त्याच्या अम्मीने विचारले, ‘सर, तुम्ही बघितलं होतं ना?’ आमच्याकडे उत्तर नव्हते.

अशा दुखापतीला आपल्या बोलीत नेमका शब्द आहे, मुका मार. कातडी काही सांगत नाही, सोसतो तो आतला अवयव. त्या दिवसानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो आणि सॉली झुकरमन या संशोधकाची ओळख झाली.

झुकरमन यांचा जन्म 1904 साली दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनचा. 1926 मध्ये ते इंग्लंडला आले. शरीररचनाशास्त्र हा त्यांचा विषय आणि माकडांच्या अभ्यासासाठी त्यांचे नाव झालेले. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश सरकारपुढे एक प्रश्न होता. बॉम्बच्या जवळ असलेली काही माणसे अंगावर एकही जखम नसताना मरतात, ती कशाने? कोणी म्हणे, स्फोटाची हवा नाकातोंडातून शिरून फुप्फुसे फोडते. कोणी म्हणे, स्फोटानंतर हवा मागे ओढली जाते, त्या ओढीने ती फाटतात.

झुकरमन यांनी प्रयोगच करून पाहिला. स्फोटाच्या जागेपासून ठरावीक अंतरावर ससे ठेवले. काहींच्या छातीभोवती स्पंज रबराचे जाड वेष्टण होते, नाकतोंड मात्र उघडे. वेष्टण नसलेल्यांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला. वेष्टण असलेल्यांची फुप्फुसे बरीचशी शाबूत राहिली. शिवाय शरीराची जी बाजू स्फोटाकडे होती, त्याच बाजूला इजा जास्त. म्हणजे मार नाकातोंडातून येत नव्हता. दाबाची लाट छातीच्या भिंतीवर आदळत होती आणि तो धक्का आत पोहोचत होता. 1940 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. माणसांच्या मुक्या माराचे कोडे मुक्या जनावरांच्या जिवावर सुटले, हे वाचताना मन खिन्न होते.

ज्या अवयवांत हवा असते त्यांना अशा लाटेचा फटका आधी बसतो. कानाचे पडदे, फुप्फुसे, आतडी. आजही स्फोटातून आलेल्या रुग्णाला तपासताना डॉक्टर याच गोष्टी पाहतात.

पुढे झुकरमन आणि शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी हल आणि बर्मिंगहॅम या शहरांवर झालेल्या बॉम्बहल्ल्यांची पाहणी केली. लोकांचे मनोधैर्य खचल्याचा पुरावा नाही, असे 1942 च्या अहवालात म्हटले होते. पण तो अहवाल पुरा होण्याआधीच पंतप्रधान चर्चिल यांचे सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी त्याच पाहणीचा हवाला देऊन उलटे सांगितले. घरे पाडली की लोक खचतात, म्हणून जर्मनीतील वस्त्यांवर बॉम्ब टाकावेत! माणसे कशी वाचतील हे शोधणाऱ्याचे काम माणसे बेघर करण्यासाठी वापरले गेले. इल्म कोणाच्या हाती पडतो, यावर किती अवलंबून असते! झुकरमन पुढे ब्रिटिश सरकारचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार झाले आणि अणुचाचण्या थांबवण्याच्या बाजूने उभे राहिले. 1993 मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या घरांवर बॉम्ब पडत नाहीत. पण गॅसचा सिलिंडर फुटतो, मोटारसायकल घसरते, पोर झाडावरून पडते. म्हणून माता-भगिनींना एवढेच सांगणे. रक्त दिसले नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. छातीला, पोटाला किंवा डोक्याला जोराचा मार बसला असेल, तर दिवसभर लक्ष ठेवा. दम लागणे, खोकल्यातून रक्त, पोट ताठ होणे, खांदा दुखणे, वारंवार उलटी, गुंगी, घाम सुटून अंग गार पडणे, स्फोटानंतर कमी ऐकू येणे, यातले काहीही दिसले तर हळद-तेलात वेळ न घालवता दवाखाना गाठा. पोटाला मार असेल तर वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका. आम्ही पाणी पाजले होते, तेही चूकच होते.

तो मुलगा आता सातवीत आहे. परवा मैदानावर एकजण पडला, तेव्हा सगळ्यांच्या आधी हाच धावत आमच्याकडे आला. म्हणाला, ‘सर, रक्त नाही आलं. पण तुम्ही चला.’